दाजींचे गुरुवार

बायका सोळा सोमवार करतात, मी सोळा गुरुवार केले. देवासाठी नव्हेत, मेव्हण्यासाठी. १९४६ साली चैत्रापासून आषाढ संपेपर्यंत दर गुरुवारी शाळा सुटली की मी सांगलीत जिनपाल डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर लाकडी बाकावर जाऊन बसायचो. आत माझे दाजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, मनूचे यजमान नाथाजी हवालदार, डॉक्टरांसमोर बसून एक अक्षर बोलायचे नाहीत. त्यातल्या पहिल्या पंधरा गुरुवारांबद्दल मला अजून राग आहे. सोळाव्याबद्दल पुढे सांगतो.

दाजींचं गाव कृष्णाकाठचं, भिलवडीच्या अलीकडे. घरचा ऊस, घरची विहीर, आणि गावातल्या इतर घरांसारखा घरातला एक माणूस पलटणीत. दाजी ब्रह्मदेशात लढून त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास कायमचे घरी आले. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. गावानं हलगी लावून त्यांना वेशीतून आणलं. मीही गेलो होतो, पेढे वाटले होते. आठ दिवसांत मनूच्या लक्षात आलं, की हा माणूस माणसं मोजतो.

मोजतो म्हणजे अगदी पलटणीतल्यासारखी हजेरी. सकाळी, न्याहारीला, दुपारी आणि दिवेलागणीला दाजी अंगणात ताठ उभे राहायचे आणि एकेकाचं नाव घ्यायचे. आई हरणाबाई, चुलते मानसिंगतात्या, मनू, सहा वर्षांची लेक विजयमाला, दोन गडी. ज्यानं त्यानं "हाजर" म्हणायचं. एक माणूस कमी भरलं की कुणी घास तोंडात घालायचा नाही, आणि दाजी शोधायला बाहेर. मनू नदीवर धुणं धूत होती, तिला पिळ्यांसकट घरी आणली. हरणाबाई शेजारणीच्या ओसरीवर गप्पा मारत बसल्या होत्या, त्यांना हाताला धरून आणलं. विजयमालेला तर भर वर्गातून उचलली, आणि शाळेच्या मास्तरांना सांगितलं, "गिनती पुरी व्हईना." मीही सांगलीत मास्तरच, त्यामुळे हे माझ्या ओळखीचे. त्यांनी मला कार्ड टाकलं. ते वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पलटणीत दिवसातून चार वेळा माणसं मोजणाऱ्याला शाबासकी मिळते, म्हणून तिथं चार वर्षांत कुणाला काही कळलं नाही. घरात तेच करणाऱ्याला काय म्हणायचं? गाव काय म्हणत होतं ते मला माहीत होतं.

पाडव्याला गेलो तेव्हा मनूनं मला परड्यात गाठलं. ती रडत नव्हती, तिच्या डोळ्यांत नुसता संताप होता. "दादा, मी ह्यांची बायकू हाय का शिपाई? पंचमीला मुऱ्हाळी हून ये. मी पोरीला घिऊन येते. आन् परत जायची न्हाई. आत्ताच सांगून ठेवते."

आमच्याकडे नागपंचमीला भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला माहेरी न्यायला जातो. पाच दिवस झोपाळा, लाह्या, मग सासरी परत. ही परत जाणार नव्हती. खरं सांगायचं तर मला मनूची काळजी वाटली आणि माझ्या दोन खोल्यांचीही वाटली, कारण त्यांत आम्ही आधीच सहा जण होतो.

जिनपाल डॉक्टरांचं नाव मला आमच्या शाळेतल्या एकानं सांगितलं. सांगलीजवळच्याच एका जैन शेतकऱ्याच्या घरातला हा तरुण माणूस. लढाईत लष्करी इस्पितळात होता, आणि तिथं त्याच्याकडे मनाला मार बसलेले शिपाई असत. आता सकाळी खोकला-ताप बघायचा आणि गुरुवारी दुपारी फक्त असली दुखणी. असे रोगी त्यांच्याकडे तीन होते. दाजी चौथे.

पहिल्या गुरुवारी गाडीतून किती माणसं उतरली असतील? सहा. आमच्यात डॉक्टरकडे एकटं कुणी जात नाही. एकटा गेला तर लोक म्हणतात, बिचाऱ्याला कुणी नाही. हरणाबाई आल्या, तात्या आले, मनू आली, मनूला सोडून राहत नाही म्हणून विजयमाला आली, दाजी तर होतेच, आणि वाटेत बैल बुजला तर असावा म्हणून एक गडी आला. मी सातवा. खोलीत खुर्च्या दोन.

"झोप लागते का?" डॉक्टरांनी दाजींना विचारलं.

"कुटली झोप, डाक्टर!" हरणाबाई म्हणाल्या. "ह्यो बारका आसल्यापास्नं आसाच. दात येतानं बी लय तरास दिला."

"झोपंचं काय घिऊन बसलाय?" तात्या म्हणाले. तात्या पहिल्या लढाईतले, बसऱ्याला जाऊन आलेले सुभेदार. सगळ्या जगाचं त्यांना बसऱ्यावरून कळे. "बसऱ्याला आमी चार चार दिस झोपत न्हवतो. आमाला कुटं काय झालं?"

मनू दारातून म्हणाली की दुपारी झोप लागते. मीही मधे दोन शब्द घातले. दाजी सोडून सगळे बोलले. डॉक्टर सगळ्यांचं संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "आता तुम्ही सगळे बाहेर बसा. मला यांच्याशी बोलायचंय."

"मी चुलता हाय," तात्या म्हणाले.

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले.

अर्ध्या तासानं दाजी रिकाम्या हातानं बाहेर आले. हरणाबाईंनी आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "बाटली?"

"औषध नाही, आजी. पुढच्या गुरुवारी पाठवा."

"मग सुई?"

"सुईही नाही."

"बरं, पथ्य तरी सांगा."

"पथ्य काही नाही. नेहमीचं खाऊ दे."

हे मात्र हरणाबाईंना सोसवलं नाही. औषध न देणारा डॉक्टर त्यांनी कसाबसा पचवला असता, पण पथ्य न सांगणारा डॉक्टर म्हणजे कसला डॉक्टर? परतीच्या वाटेवर त्यांनी स्वतःच्याच अधिकारात वांगं, लोणचं आणि हरभऱ्याची डाळ बंद केली. पंचमीपर्यंत त्या घरात वांगं शिजलं नाही, आणि दाजींना वांगं भारी आवडायचं.

मी दाजींना विचारलं, "आत काय झालं?"

"साहेबांनी इचारलं, कसं काय हाय. मी म्हनलं, सब ठीक है साब."

"मग?"

"मग ते गप बसलं. मी बी गप बसलो."

"अर्धा तास?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी मी तडक दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना म्हणालो, अहो, रंगीत पाणी द्या, साखरेच्या गोळ्या द्या, पण त्या माणसाच्या हातात काहीतरी द्या. घरच्यांना समजावताना माझ्या नाकी नऊ येतात. डॉक्टर शांत होते. त्या शांतपणाचाच मला जास्त राग आला.

"मास्तर, एखाद्या मुलाला गणित सुटत नाही म्हणून तुम्ही ते सोडवून देता का?"

"इन्स्पेक्टर यायचा असेल तर देतो."

ते हसले. मग म्हणाले, "वेळ लागेल. किती ते मी आज सांगू शकत नाही. मधे जास्त बिघडल्यासारखं वाटेल, तेव्हा घाबरू नका. आणि ते इथं जे बोलतील ते मी तुम्हाला सांगणार नाही."

"मी त्यांचा मेव्हणा आहे!"

"असाल," डॉक्टर म्हणाले आणि खोकल्याच्या रोग्याला आत बोलावलं.

दुसऱ्या गुरुवारीही "सब ठीक है साब". तेव्हा तात्यांनी घरात बैठक घेतली. त्यांचं म्हणणं, की कुठल्याही साहेबापुढे तोंडी गेलं की काम होत नाही, लेखी पाहिजे. मला गावाहून निरोप आला. आणि मी, शिकलेला माणूस, शाई-टाक घेऊन अर्ज लिहिला. "विनंती अर्ज ऐसा जे" पासून सुरुवात करून अकरा तक्रारी, क्रमवार, सुवाच्य अक्षरात. दाजींनी तो पाठ केला. तिसऱ्या गुरुवारी बंद दाराआडून मला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. ते सावधान उभे असणार, कारण प्रत्येक कलमानंतर टाच आपटल्याचा आवाज येत होता. "कलम सात. दर दोन तासांनी घरातील इसम मोजण्याची इच्छा होते. कलम आठ." शेवटी "तरी मेहेरबान साहेबांनी गरिबाचा विचार व्हावा" इथपर्यंत.

मग डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मास्तरांनी."

"अक्षर छान असणार. आता बसा."

मी बाकावर एकटाच होतो, तरी लाजलो.

पुढचे गुरुवार कसे गेले ते सांगायलाही कंटाळा येतो. दाजी सर्व्हिस मोटारीनं यायचे. तात्यांच्या हुकुमानुसार जबाबदार माणूस बरोबर पाहिजे, म्हणून मी स्टँडवर हजर. दवाखान्यात पोचवायचं, वह्या तपासत बसायचं, आणून मोटारीत बसवायचं. पेठेतल्या हळदीच्या वखारींनी माझ्या टोपीला, वह्यांना, सगळ्याला वास लागला. गावात तात्या सांगायचे, पुतण्याचा कान फुटलाय, त्याचं औषध चाललंय. कानाला चार महिने लागतात का, असं कुणी विचारलं की तात्या बसऱ्यातल्या एका कानाची गोष्ट काढायचे.

सातव्या-आठव्या गुरुवारी आतून दाजींचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते. मी मनात म्हटलं, चला, लागलं काहीतरी मार्गी. तर त्या आठवड्यात मनूचं पत्र आलं. दाजी दोन दिवस जेवले नाहीत. गोठ्यात बसून लहान पोरासारखे रडले. हजेरी चाराची सहा वेळा झाली. "दादा, होतं ते बरं होतं. तुझ्या डाक्टरनं हा माणूस पार मोडला."

पत्र घेऊन मी डॉक्टरांपुढे आदळलो.

"मी सांगितलं होतं," ते म्हणाले.

"बिघडल्यासारखं वाटेल असं म्हणाला होतात! हे वाटणं नाही, बिघडलंच आहे!"

त्यांनी पत्र वाचलं नाही, घडी करून मला परत दिलं. "ते आले तर मी आहे. नाही आले तर मी ओढून आणणार नाही, आणि तुम्हीही आणू नका."

मी ठरवलं, आता आणायचंच नाही. पुढच्या गुरुवारी स्टँडवर गेलोच नाही. घरी बसलो आणि जीव राहीना म्हणून पाच वाजता दवाखान्याकडून चक्कर टाकली. दाजी आत होते. एकटे आले होते. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी चिडलो, की मग इतके दिवस माझं काय काम होतं?

आषाढात कृष्णेला पूर आला. मोटारी बंद, वाटेतल्या ओढ्यांवर पाणी. त्या सोळाव्या गुरुवारी मला उघड आनंद झाला होता हे कबूल करतो. फक्त डॉक्टरांना सांगावं म्हणून गेलो, तर बाकावर दाजी. धोतर मांडीपर्यंत चिखलानं माखलेलं, वहाणा हातात. पहाटे निघून रेल्वेच्या रुळांवरून दहा-बारा मैल चालत आले होते.

"दाजी, आज कशाला आलात?"

"आज गुरवार न्हवं का," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसलो. हा माणूस मनूसाठी येत नव्हता, तात्यांच्या हुकुमानं येत नव्हता, माझ्या अर्जावरून तर नाहीच. मी ज्याला रेटतोय असं मला वाटत होतं, तो माझ्या किती तरी पुढे निघून गेला होता.

त्या दिवशी आतून आल्यावर ते निघाले नाहीत. बाकावरच बसले आणि कुणीही न विचारता मला सांगितलं.

"बेचाळीस साली आमी मागं हटत हुतो. एक नदी लागली. दिस मावळाय आल्याला. नावा थोड्या. माझी टोळी नदी वलांडून आली, मी हजेरी घेतली. गुंडाचं नाव घेतलं, हाजर म्हनलं कुनीतरी. पोरं एकमेकासाटी म्हनायची, मास्तर. एकादा लघवीला गेला, मागं रेंगाळला, तर दोस्त हाजर म्हनायचा. मला ठावं हुतं. समद्यास्नी ठावं हुतं. मी साहेबाला सांगितलं, गिनती पुरी. मंग दुश्मनाच्या हाती लागू नेत म्हनून नावा बुडीवल्या."

ते थांबले. मी वाट पाहिली. चार महिन्यांत प्रथमच वाट पाहिली.

"उजाडल्यावर पल्याडच्या काठाला एक मानूस हुबा. हात वर करून. लांबनं तोंड दिसंना. पन गुंडाच. तवर आमाला फुडं चालायचा हुकूम झाल्ता."

गुंडा हा त्यांच्याच गावचा. त्यांच्या घरापासून चार घरं टाकून त्याची आई अंबूबाई राहायची, नवरा कधीच गेलेला. तिला सरकारी तार आली, गुंडा बेपत्ता. त्या शब्दाचा अर्थ गावाला मानसिंगतात्यांनी पारावर समजावून सांगितला होता: मेला तर मेला लिहितात, धरला तर धरला लिहितात, बेपत्ता म्हणजे पळाला. तात्या बसऱ्याचे, कोण नाही म्हणणार? चार वर्षं बायका अंबूबाईशी पाणवठ्यावर तुटक बोलत. आणि दाजी, रजेवर आले तेव्हाही आणि कायमचे आले तेव्हाही, तिच्या दारावरून गेले नव्हते. शेतावर जायला ते मागल्या बोळानं वळसा घालत.

"आत डाक्टरसाहेबाला इचारलं, अंबूबाईला सांगू का? ते म्हनलं, तुमाला काय वाटतं?"

मी कपाळाला हात लावला. एवढं शिकलेला माणूस, आणि सरळ हो की नाही सांगता येत नाही! मग मीच सांगितलं. म्हटलं, दाजी, चार वर्षांनी त्या म्हातारीची खपली कशाला काढता? ती बिचारी आस लावून बसली असेल, बसू दे.

दाजींनी ऐकून घेतलं आणि वहाणा उचलून रुळांकडे निघाले.

पाणी ओसरल्यावर, पंचमीच्या आदल्या दिवशी मी मुऱ्हाळी होऊन गेलो. मनूचं बोचकं बांधलेलं होतं, नेहमीपेक्षा मोठं. विजयमालेचे सगळे झगे-परकर त्यात गेले होते. मनू माझ्याशीही धड बोलेना. हरणाबाई, म्हणजे मनूच्या आत्याबाई, चुलीपुढे बसून होत्या. त्यांना सगळं कळत होतं.

इतक्यात दाजी आतून आले. डोक्याला फेटा बांधलेला. "मास्तर, जरा चला," म्हणाले. आणि मागल्या बोळाला न वळता समोरच्या रस्त्यानं अंबूबाईच्या दारात गेले.

अंबूबाई लाह्या पाखडत होती. तिनं मान वर केली आणि सूप खाली ठेवलं. दाजी उभ्यानंच बोलले. मला बाकावर सांगितलं तेवढंच, एक शब्द जास्त नाही, कमी नाही. शेवटी म्हणाले, "माझी चूक हाय, काकी. मी मोजाय चुकलो."

मी जमिनीकडे पाहत होतो. आता ही ओरडेल, शिव्या देईल, ऊर बडवेल, आणि हे सगळं मी टाळायला सांगितलं होतं.

"मंजी," अंबूबाई हळू म्हणाली, "पळाला न्हवता."

"न्हाई, काकी."

"हात वर करून हुबा हुता."

"व्हय."

"पळाला न्हवता," ती पुन्हा म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चढला. "मुडद्या, चार वर्सं! चार वर्सं तू माझ्या दारावरनं गेला न्हाईस, मला वाटलं, माझ्या पोरानं तुमचं त्वांड काळं केलं म्हनून जात न्हाईस. मी पानी भराय तोंड लपवून गेले. देवळात मागं बसले. आन् तुला ठावं हुतं?"

दाजी दारातून हलले नाहीत.

ती उठली. दाजींचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत पाराकडे घेऊन निघाली. पंचमीची तयारी म्हणून पारावर दहा-बारा माणसं होती, मधे मानसिंगतात्या. "सांग," ती म्हणाली. "मला सांगितलंस तसं समद्यास्नी सांग."

आणि दाजींनी सांगितलं. सावधान नाही, टाच नाही. मधे दोनदा आवाज फुटला, पण थांबले नाहीत. संपल्यावर अंबूबाईनं तात्यांकडे पाहिलं. "सुबेदार, आता बोला. कोन पळालं?"

तात्यांच्या मिशा हलल्या. बसरा आठवला असेल तर त्यांनी सांगितलं नाही. ते पारावरून उतरले, अंबूबाईपुढे उभे राहिले आणि डोक्याचा पटका काढून हातात घेतला. माझ्या माहितीत त्यांनी तो कुणापुढे काढला नव्हता.

"माजं चुकलं," ते म्हणाले.

अंबूबाईनं दाजींचं मनगट सोडलं. "तुला म्या माफ केलं न्हाई," ती त्यांना म्हणाली. "पर उद्या ये. समदं पयल्यापास्नं सांग. त्यो तितं काय खाईत हुता, काय बोलत हुता. पंचमीचं माझ्या दारात पुरुषमानूस न्हाई, उद्या ये."

आम्ही घरी आलो. मनूला सगळं आधीच कळलं होतं; अशा बातम्या माणसांच्या आधी पोचतात. ती पोरीला कडेवर घेऊन अंगणात उभी होती, बोचकं गाडीत होतं. दिवेलागण झाली होती. आम्ही सगळेच नकळत दाजींच्या तोंडाकडे बघत होतो, हरणाबाईसुद्धा चुलीपासून उठून आल्या होत्या. ही हजेरीची वेळ.

दाजींचे ओठ हलले. मला स्पष्ट दिसलं, ते नावं घेत होते, मनातल्या मनात. पण आवाज काढला नाही. दोन्ही हातांनी त्यांनी धोतर घट्ट धरलं होतं.

मनू गाडीत बसली. "मी माहेरी जाते," ती म्हणाली.

"जा," दाजी म्हणाले.

"कवा येनार, त्ये इचारा की."

दाजींनी मान हलवली. "न्हाई इचारत. तुला यावं वाटलं तर ये."

मनू कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. गाडीवानानं कासरा ओढला, बैल निघाले. वेशीपर्यंत मी मनातल्या मनात माझ्या दोन खोल्यांत आठ माणसं कशी झोपवायची त्याचा हिशेब करत होतो. वेशीपाशी तिनं गाडी थांबवायला लावली, उतरली, आणि मागं वळून अंगणाच्या दिशेनं पोटातून ओरडली.

"सोमवारी येते! आन् आत्याबाईस्नी म्हनावं, ह्यांना वांगं करून घाला!"